शेजाऱ्याचं ऊन कसं खावं?

जुनं मातीच्या छताचं धाब्याचं घर पाडून जळगाव-धुळ्यात पाच मजले चढवायचेत? चढवा भाऊ, बिनधास्त. फक्त प्लॉट पूर्व-पश्चिम रस्त्याच्या दक्षिण अंगाला बघा. रस्ता कागदावर 9 मीटर असला की पुरे.

हिशोब सोपा आहे. आपण 21 अक्षांशाच्या आसपास राहतो. डिसेंबरअखेर ऐन दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम 45 अंश वर येतो, म्हणजे इमारत जेवढी उंच, जवळपास तेवढीच सावली लांब. तुमची उंची 15 मीटर. त्यातली 9 मीटर सावली रस्ता खातो, उरलेली समोरच्याच्या भिंतीवर चढते. त्याचे खालचे दोन मजले भरदुपारी ट्यूबलाइट लावून स्वेटरात बसतील. सकाळी नऊला सूर्य आणखी खाली, तेव्हा त्याचं घर दुमजली असेल तर सावली थेट गच्चीवर. त्याने सूर्यघर योजनेतून पॅनेल बसवलेत? फारच छान. त्यातले सेल एकामागे एक जोडलेले असतात, कोपरा झाकला तरी वीज दणकून घसरते. अनुदान सरकारचं, पॅनेल त्याचे, ऊन तुमचं.

उन्हाळ्यात शेजाऱ्याला तुमच्या सावलीचा फायदा होईल, ही भीती मनातून काढा. मेअखेरीस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पाच मजल्यांची सावली तुमच्याच पायाशी गोळा होते. पारा 45 ला टेकलेला असताना गल्लीत म्हशीला उभं राहायला सावली नाही! उत्तर-दक्षिण अरुंद गल्लीत निदान सकाळी आणि दुपार कलल्यावर एका बाजूच्या भिंतीचा आडोसा मिळतो, म्हणून नवं लेआउट पाडताना तसल्या गल्ल्या चुकूनही आखू नका. लोकांना सावलीची सवय लागते, मग ते झाडंही मागतात.

गिऱ्हाइकाची काळजी नको. तो रस्त्याची रुंदी विचारत नाही, वास्तू विचारतो. दार पूर्वेला काढा आणि जास्तीचा भाव लावा. ते दार लिफ्टच्या काळोखात उघडतं हे त्याला ताबा मिळाल्यावर दिसेल. खालच्या मजल्याला ऊन नाही म्हणाला, तर ‘भाऊ, इथे एसीची गरजच नाही’ म्हणायचं. बिबडे-पापड वाळवायला गच्ची आहे की! किल्ली सोसायटीकडे, सोसायटी अजून स्थापन व्हायचीय.

आणि उद्या तुमच्या मागच्या, दक्षिणेकडच्या प्लॉटवर कोणी सात मजल्यांचा पाया खोदू लागला, तर त्याच दिवशी पालिकेत अर्ज टाका. विषय लिहा : ‘नैसर्गिक सूर्यप्रकाशाच्या हक्काबाबत’. सोबत समोरच्या शेजाऱ्याची सही घ्या, त्याचा अनुभव दांडगा आहे.