घरीच लावा ना टमाटे!

जुलैत टमाट्यांनी शंभरी ओलांडली रे ओलांडली की एक जमात कुठूनतरी उगवते. "अहो वहिनी, विकत कशाला घेता? गच्चीवर चार कुंड्या ठेवा, घरीच लावा!" २०२३ च्या जुलैत तर उत्तर प्रदेशातल्या एका मंत्रीबाईंनीही हाच सल्ला दिला होता. महाग वाटतात तर कुंडीत लावा, नाहीतर खाणं सोडा. मंत्र्यांचं जाऊ द्या, त्यांना कुठे कुंडीला पाणी घालायचंय. पण इंदूरचं ऊन अंगावर घेतलेल्या, इथेच जन्म काढलेल्या माणसांनी हे बोलावं? डोकं फिरतं माझं.

जरा हिशोब करा की. जुलैत भाव बघून बी पेरलं. रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला पंचवीस-तीस दिवस. तिथून पहिलं लाल फळ हातात यायला दोन-अडीच महिने. म्हणजे दिवाळी आली. तेव्हा चोइथराम मंडीत टमाट्यांचे क्रेट उतरवायला जागा नसते आणि ठेलेवाला "भाभी, दो किलो ले लो, सस्ते हैं" म्हणत दारात उभा असतो. मग माझ्या गच्चीवरच्या त्या अर्ध्या वाटीभर टमाट्यांचं करायचं काय, आरती ओवाळायची?

बरं, उलटा हिशोब करू. जुलैत घरचा टमाटा हवा असेल तर फळ मेच्या शेवटी तरी धरायला हवं. मेमध्ये इंदुरात पारा चाळिशीला टेकलेला असतो. दिवसा पस्तिशीच्या पुढे गेलं आणि रात्रही उकडती राहिली की टमाट्याच्या फुलातले परागकण निकामी होतात. फळ धरतच नाही. देठाच्या मधोमध पिवळं पडतं आणि फूल गळतं. झाड मात्र हिरवंगार, मस्तवाल! रोज सकाळी कुंडीखाली पिवळ्या फुलांचा सडा. त्यात कुणीतरी वर येऊन म्हणणार, "वा, काय छान फुलं आलीत!" आलीत ना, आणि चाललीत पण.

शब-ए-मालवाचं कौतुक मला सांगू नका. माळव्याच्या रात्री थंडगार असतात म्हणे. असतील शहराबाहेरच्या रानात. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो आणि कुंडी त्याच स्लॅबवर असते. हिरवी जाळी बांधली, दुपारी पाणी शिंपडलं, तरी रात्रीची धग काही जाळीनं अडत नाही.

आणि मुळात बाजारात टमाटा महाग का होतो? याच उन्हानं आणि मागून आलेल्या पावसानं. इथल्या शेतकऱ्याच्या शेतात तेव्हा टमाटा नसतो, म्हणून नारायणगाव-कोलारकडच्या ट्रकांची वाट बघत बसावं लागतं. ज्याची जमीन आहे, ज्याची पिढ्यान्‌पिढ्या शेती आहे, त्याला जे जमत नाही ते मी बारा इंची कुंडीत करून दाखवायचं! माझ्या गच्चीवर काय वेगळा सूर्य उगवतो?

"मग हंगामात लावा." हो, हंगामात. कुठला हंगाम? २०२३ चाच घ्या. त्या वर्षीचा ऑगस्ट म्हणजे १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. रोपं माना टाकून बसलेली. आणि सप्टेंबरच्या मध्यावर पाऊस असा कोसळला की नर्मदेला पूर, शहरात रस्त्यांचे नाले. कुंडीला भोकं कितीही पाडा, दिवस-रात्र पाणीच पाणी म्हटल्यावर मुळं कुजतात. त्यातून जे वाचतं त्याच्या पानांवर काळे-तपकिरी गोल ठिपके येतात. करपा. तो खालच्या पानापासून वर चढत जातो आणि आपण कात्री घेऊन त्याच्या मागे मागे.

एवढं सगळं होऊन फळं लागली, पिकायला आली, की मावठा येतो. ऐन थंडीत ढग, गडगडाट, एखाद्या वर्षी गारा. सगळे खूश, गहू-हरभऱ्याला अमृत म्हणे. असेल. टमाट्याचं मूळ मात्र ते पाणी एकदम ओढून घेतं, आत गर फुगतो, साल ताणत नाही आणि टरकते. सकाळी बघावं तर सगळे फुटलेले, त्यावर मुंग्या.

आता अंड्यांच्या टरफलांवर येते, कारण त्यावर माझा विशेष राग आहे. टमाट्याचं बूड काळं, चामड्यासारखं पडलं की प्रत्येक जण टरफलं घेऊन धावतो. कॅल्शियम कमी आहे हो! अहो, मातीत बहुतेक वेळा कॅल्शियम असतं. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही, कारण कधी कुंडी खडखडीत आणि कधी चिखल. नळ येतो एक दिवसाआड, नर्मदा ७० किलोमीटरवरून वर चढून येते बिचारी. मधल्या दिवशी आधी प्यायला, मग धुण्या-भांड्यांना आणि उरलं तर टमाट्याला. त्यात टरफलं काय करणार? ती कुजायलाच महिनोन्‌महिने लागतात. घरात अंडं शिजत नसलेल्या आमच्या शेजारीणबाईसुद्धा कुठूनतरी टरफलं मागून आणतात, बोला!

नर्सरीवाल्याची तर वेगळीच कथा. रोप कुठल्या जातीचं, विचारलं तर म्हणतो, "देसी हाइब्रिड है भाभी." हे काय असतं? बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेनं अर्का रक्षक नावाची जात काढलीय, पर्णगुच्छ (म्हणजे पानं चुरडण्याचा रोग), मर आणि करपा या तिन्हींना दाद न देणारी. ती मागितली तर "वही समझ लो" म्हणाला. समजून घेतलं. महिनाभरात पानं चुरडून वाटीसारखी वळली, पांढरी माशी बसली होती ना. आणि एकदा त्या माशीनं आणलेला विषाणू झाडात शिरला की उपाय नाही, उपटून टाकायचं. तरी ग्रुपवर ताक, हिंग, राख, साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल, सगळ्यांची जंत्री येते. माशी कमी होईल त्यानं, पण चुरडलेलं पान सरळ होत नाही. ऐकतं कोण!

खारींबद्दल बोलत नाही. खायचंय तर एक अख्खं खा की, प्रत्येकाला एकेक चावा कशाला? आणि वानरं आली की टमाट्याबरोबर कुंडीही जाते.

सगळ्यात संताप कशाचा माहितीय? ओल्या कचऱ्याच्या खतातून टाकीच्या पाइपाजवळ, सिमेंटच्या फटीत, आपोआप एक रोप उगवलं. ना शेणखत, ना काठीचा आधार, ना कुणी पाणी घातलं. त्याला घोसच्या घोस. अर्थात जानेवारीत, ठेल्यावर टमाटे मातीमोल असताना.

आता मी ठरवलंय. शेव-टमाटरची भाजी थंडीतच होईल, मंडीतल्या टमाट्यांची, पोटभर. जुलैत आमटीला चिंच-गूळ, साराला आमसूल, नाहीतर दही. आमच्या आज्यांनी टमाट्यावाचून आयुष्यभर स्वयंपाक केला आणि कुणी उपाशी उठलं नाही. बरणीतल्या चिंचेवर पांढरी माशी बसत नाही, करपा चढत नाही, आणि वानराला झाकण उघडता येत नाही.