ड्रायव्हरला मारलं कोणी?

अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर खुशाल वाचावा, पण त्याची गोष्ट कुणाला सांगायच्या फंदात पडू नये. ऐकणारी आई असेल आणि तिची हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली असेल, तर मुळीच नाही.

ती मेथी निवडत होती, मी त्याची 'द बिग स्लीप' ही कादंबरी घेऊन बसलो होतो. "काय आहे रे त्यात?" एवढंच तिने विचारलं.

सुरुवात झकास झाली. लॉस एंजेलिस. घामाच्या धारा लावणाऱ्या काचघरात, ऑर्किडच्या गर्दीत, चाकाच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेला म्हातारा जनरल स्टर्नवूड. तेलाच्या विहिरींवर गब्बर झालेलं घराणं आता टेकडीवर राहायला गेलंय. तिथे तेलाचा वास येत नाही, पण खिडकीतून विहिरी दिसतात.

"पैसा दिसावा, वास येऊ नये. हुशार आहेत," आई म्हणाली.

गुप्तहेर मार्लोचा दर रोज २५ डॉलर, वर खर्च.

"पेट्रोल खर्चात का?"

मी पुढे सरकलो. दुर्मिळ ग्रंथांच्या पाटीआड नको तसली पुस्तकं भाड्याने देणारं दुकान...

"अश्लील म्हण की!"

...त्या दुकानदाराचा खून होतो, आणि स्टर्नवूडांच्या ड्रायव्हरची लाश गाडीसकट समुद्रात सापडते.

"त्याला मारलं कोणी?"

इथे माझी वाट लागली. या कादंबरीवर नट हम्फ्री बोगार्टचा १९४६ चा सिनेमा बनत होता तेव्हा दिग्दर्शक हॉक्सच्या मंडळींचं घोडंही इथेच अडलं होतं. पटकथेला साक्षात थोर कादंबरीकार विल्यम फॉकनर, तरी अडलं. शेवटी चँडलरलाच तार केली. त्यालाही माहीत नव्हतं.

"लेखकाला?"

मी वकिली सुरू केली. अगं, तेलकंपनीतला बडा अधिकारी, १९३२ मध्ये दारूपायी नोकरी गेली, मग पंचेचाळिशीत पहिली कथा छापून आली. ही कादंबरीही मासिकांतल्या स्वतःच्याच जुन्या कथा जोडून केलेली; एखादा टाका सुटणारच. शिवाय गाडी अडली की हातात पिस्तूल घेतलेला माणूस दारातून आत आणावा, हा त्याचाच तोडगा. त्याला कोडं नव्हतं घालायचं, ते सडकं श्रीमंत शहर दाखवायचं होतं.

"बरं. पायऱ्यांचे मार्क देते, उत्तराचे नाही." तिने काड्या गोळा केल्या. "त्या दुकानदाराला कोणी मारलं, ते तरी ठाऊक आहे ना?"

"हो तर! ड्रायव्हरने."

आईने मेथीची पाटी पुन्हा खाली ठेवली.