टेंपलसाहेबाने मालगुजारी ‘फक्त कागदावर आणली’?

धानपट्टीतल्या गावागावांत एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मालगुजारी (एकाच माणसाने अख्ख्या गावाचा सारा सरकारात भरायची पद्धत) ही नागपूरकर भोसल्यांच्या वेळची आपली जुनी पद्धत, इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलसाहेबाने ती फक्त कागदावर आणली, ती अख्ख्या विदर्भात होती, बाबूराव शेडमाक्यांचं बंड तिच्याचविरुद्ध होतं, कास्तकाराला त्यातून काहीच मिळालं नाही, आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव मालगुजारांनी बांधले. यातलं बरंचसं चूक आहे, काही अर्धवट आहे.

‘अख्ख्या विदर्भात होती’ हे आधी निकालात काढू. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे गेला. तिथे 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतावर आणि शेतकऱ्याच्या नावावर. टेंपल 1862 पासून मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता. नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हे त्याच्याकडे, आणि वर्धा जिल्हा तर 1862 मध्येच नागपुरातून वेगळा काढलेला. गंमत अशी की 1867 मध्ये तो हैदराबादला रेसिडेंट म्हणून गेला तेव्हा वऱ्हाडही त्याच्या देखरेखीत आलं, पण थोड्याच काळासाठी, आणि तिथली रयतवारी तशीच राहिली. यवतमाळ-वाशीमकडे पडीक जमिनीवर इजाऱ्याची, म्हणजे मक्त्याने दिलेली गावं वसली, पण इजारा म्हणजे मालगुजारी नव्हे.

दोन्ही पद्धतींतला फरक जमिनीवर कसा दिसायचा ते पाहा. वऱ्हाडात मोजणीदार शेतात खड्डा खणून मातीची खोली बघायचा. पावणेदोन हात खोल काळी माती निघाली तर सोळा आणे, म्हणजे पूर्ण प्रत, दीड हात तर चौदा, सव्वा हात तर बारा, एक हात तर दहा, पाऊण हात तर आठ. मग दोष मोजायचे: चुनखडी, रेती, उतार, पाणी साचणं, पुराचं पाणी वरून वाहणं वगैरे. दर दोषामागे एक वर्ग खाली. म्हणजे सव्वा हात मातीत चुनखडी आणि उतार असे दोन दोष निघाले की बारा आण्यांवरून थेट आठ आण्यांवर. मातीची ही प्रत धरून एकेका सर्व्हे नंबरचा आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम ठरे. नागपूरकडे मात्र सरकारचा करार गावाशी, म्हणजे मालगुजाराशी होता. अख्ख्या गावाची जमा, म्हणजे सारा, एकरकमी ठरवायची आणि ती भरायची जबाबदारी त्याच्यावर. आजही नागपूरकडच्या कागदांवर खसरा क्रमांक आणि वऱ्हाडात सर्व्हे नंबर दिसतो, तो याच दोन वाटांचा माग.

‘भोसल्यांपासूनची’ हा खरा वादाचा मुद्दा. भोसल्यांच्या अमलात पाटील गावची वसुली करून सरकारात भरायचा. त्याचा मान होता, मोबदला होता, पण गावाची मालकी नव्हती. रेसिडेंट जेंकिन्सच्या 1827 च्या अहवालात पाटलाचा करार वर्षावर्षाचा दिसतो आणि दरबाराला तो बदलता येई. टेंपलच्या कारभारात तीस वर्षांचा बंदोबस्त, म्हणजे साऱ्याची आणि हक्कांची ठरवणी झाली, आणि त्यात या वसुली करणाऱ्याला गावाचा मालक म्हणून नोंदवलं गेलं. मालकी म्हणजे वारशाने जाणारी, विकता येणारी, गहाण टाकता येणारी. नोंद करणं आणि हक्क निर्माण करणं यांत मोठं अंतर आहे, आणि मेसेज नेमकं तेच गिळतो. या मालकीनेच पुढे घोळ केला. गाव गहाण पडायला लागलं, आणि शतक संपेपर्यंत पुष्कळ गावं शेती न करणाऱ्या सावकारांच्या हाती गेली. पूर्वी कर्जबाजारी पाटलाला दरबार हटवायचा. आता त्याच्या जागी सावकार मालक होऊन बसायचा.

‘कास्तकाराला काहीच मिळालं नाही’ हे अर्धवट आहे. ज्या कुळाचं शेत जुन्या वहिवाटीचं ठरलं, ते मालिक मकबूजा झालं. आपल्या शेताचं मालक तेच, सारा फक्त मालगुजाराच्या हातून जायचा. नागपूर-वर्ध्याकडे असे मालिक मकबूजा पुष्कळ. बाकीच्यांसाठी 1859 चा दहावा कायदा 1864 मध्ये या प्रांतात लावला गेला आणि बारा वर्षांच्या वहिवाटीने मौरूसी, म्हणजे वंशपरंपरेने कसायचा हक्क मिळू लागला. हा नियम पुढेमागे रद्द झाला तर काय, या धास्तीने जुन्या कुळांचे हक्क त्याच बंदोबस्तात कायमचे नोंदवून घेतले गेले. मालगुजारांना हे खुपणं साहजिक होतं, कारण अशा कुळाला उठवता येत नव्हतं आणि खंडही मनाला येईल तसा वाढवता येत नव्हता. मार खाल्ला तो साध्या कुळांनी. त्यांना 1883, 1898 आणि 1920 च्या कुळकायद्यांची वाट पाहावी लागली.

शेडमाक्यांबद्दल तारखाच बोलतात. मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाक्यांना चांद्यात 21 ऑक्टोबर 1858 ला फाशी झाली. टेंपल आला 1862 ला. ते बंड इंग्रजी राज्याविरुद्ध होतं, ज्या मालकीचा हा वाद आहे ती तेव्हा दिलीच गेली नव्हती. शिवाय अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचा भाग मालगुजारीपेक्षा वेगळा.

तलावांचं श्रेय नावावरून ठरवू नये. भंडारा-चांद्याकडचे कितीतरी तलाव कोहळी समाजाने गोंड राजांच्या वेळेपासून बांधलेले; नवेगावबांधचं नाव कोलू पाटील कोहळीशी जोडलं जातं. काही तलाव मालगुजारांनी बांधले, काहींची डागडुजी केली, हेही खरं. ‘माजी मालगुजारी’ हे नाव चिकटलं ते 1950 च्या कायद्याने मालगुजारी जाऊन 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले म्हणून.

आपल्या गावापुरती शहानिशा करायची असेल तर मौजा आणि तहसील सांगून बंदोबस्त मिसल (त्या बंदोबस्ताची गावची फाईल), जुना खसरा (शेतवार नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाज-हक्कांची नोंद) यांच्या नकला मागा. जिल्ह्याचं नाव मात्र जुनं द्या. गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात होता, गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात. मिसलमध्ये आजोबा-पणजोबांच्या नावापुढे मालिक मकबूजा लिहिलंय, मौरूसी लिहिलंय की साधं कूळ, ते नीट वाचा. नंतरच्या बंदोबस्तांत खसरा नंबर बदलले आहेत, त्यामुळे जुना नंबर आजच्या सातबारावर शोधू नका. आधी नकाशावरून जागा जुळवा, नंतर नंबर.