लिंक उघडली म्हणून लगेच कॅमेरा सुरू होत नाही

'अनोळखी लिंकवर नुसतं बोट लागलं तरी कॅमेरा चालू होतो, ओटीपी वाचला जातो, सगळे नंबर चोरीला जातात, घरचा पत्ता कळतो.' हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. एकेक दावा तपासू.

कॅमेरा आणि माइक वेबपेजला परस्पर सुरू करता येत नाहीत. ब्राउझर आधी तुम्हाला विचारतो. एचटीटीपीएस (म्हणजे सुरक्षित जोडणी) नसलेल्या साइटना तर क्रोमने २०१५ च्या अखेरीपासून ही दारंच बंद केली. मात्र एखाद्या साइटला कायमचं 'अलाऊ' दिलं असेल, तर पुढच्या वेळी ती न विचारता कॅमेरा लावू शकते. अँड्रॉइड १२ पासून अशा वेळी वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. परवानगी काढायची तर क्रोममध्ये साइटच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर टॅप करा.

ओटीपीची गोष्ट निव्वळ थाप. वेबपेजला तुमचा इनबॉक्स दिसतच नाही. मेसेजमधला कोड साइटला देण्याची एक सोय क्रोमने २०२० मध्ये दिली खरी, पण मेसेजच्या शेवटी ज्या साइटचा पत्ता लिहिलेला असेल तिलाच तो कोड मिळतो, तोही तुम्ही हो म्हटल्यावर.

नंबरांचंही तेच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये साइट यादी मागू शकते, पण नावं तुम्ही टिक करायची. केली तेवढीच जातात.

पत्त्याबाबत फॉरवर्ड अर्धामुर्धा खरा आहे. जीपीएससाठी परवानगी लागते, पण आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) साधारण शहर कुणालाही न विचारता कळतं. तेही मोबाइल डेटावर बऱ्याचदा चुकतं.

जे खरंच न विचारता मिळतं, त्याबद्दल फॉरवर्ड गप्प! अँड्रॉइडवर क्रोम फोनच्या हालचालीची माहिती साइटला सरळ देतो. आयफोन २०१९ च्या आयओएस १३ पासून विचारतो. बॅटरी किती उरली हेही क्रोम सांगतो. यावरून तोच फोन पुन्हा ओळखून माणसाचा माग काढता येतो म्हणून फायरफॉक्सने ते २०१७ मध्ये बंद केलं.

ब्राउझरमधल्या त्रुटी वापरून परवानगी डावलणारे हल्लेही होतात, म्हणून अपडेट टाळू नका.

मग 'लिंकमुळे' खाती रिकामी कशी होतात? बहुतेकदा लिंक फसव्या पानावर नेते आणि माणूस ओटीपी स्वतःच टाइप करतो. नाहीतर 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नपत्रिका' अशा नावाची एपीके फाइल येते. ते वेबपेज नव्हे, ॲप. फोन इशारा देतो, तरी लोक सेटिंगमध्ये जाऊन ते इन्स्टॉल करतात, एसएमएसची परवानगीही देतात. मग ओटीपी वाचायला त्याला काही अडत नाही.