पंचेचाळीस मिनिटांचा समुद्र

आज ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिच्या स्पेन टूरची आयटिनररी पाठवली, ‘बघ गं कशी वाटते’ म्हणून. बार्सिलोना, माद्रिद, सेविया आणि मग एका ओळीत अख्खा दक्षिण किनारा: ‘कोस्टा देल सोल, मार्बेया, फोटो स्टॉप ४५ मिनिटं’. डोकंच फिरलं माझं. पंचेचाळीस मिनिटांत काय बघणार? पुएर्तो बानुसला, म्हणजे मार्बेयाच्या श्रीमंती बंदरात, दुसऱ्यांच्या यॉट? दुसऱ्यांच्या फेरारीपुढे उभं राहून फोटो काढायला एवढ्या लांब जायचं का?

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी आईला घेऊन गेले होते तिकडे. त्याच किनाऱ्यावरच्या मालागा शहराहून पश्चिमेला तोरेमोलिनोस, फुएन्हिरोलाला लोकल ट्रेन आहे, वीस-वीस मिनिटांनी, म्हणून सगळे तिकडेच जातात. पूर्वेला ट्रेन नाहीच, बसनं जायचं, नेर्हावरून पुढे डोंगराच्या कडेकडेनं, आईला मळमळलं दोनदा, मी मनात स्वतःलाच शिव्या घालत होते की गप मार्बेयाला का नाही गेलो. आणि आम्हाला जायचं होतं ते सालोब्रेन्या गाव यायच्या आधी आई एकदम ताठ बसली. ‘अगं, कारखान्याची चिमणी!’ आईचं माहेर शिरोळचं, तिला चिमणी ओळखायला गूगल लागत नाही. ‘धूर कसा नाही? हंगाम सुरू झाला असेल की.’

मग मी गूगल केलं. खरंच साखर कारखाना. अरबांनी आणलेला ऊस, जवळजवळ हजार वर्षं त्या किनाऱ्यावर पिकला आणि २००६ ला शेवटचा कारखाना बंद पडला. आता सगळीकडे ॲव्होकॅडो आणि आंबा. साखरेला ते आसूकार म्हणतात, तो शब्द पण अरबीतून गेलेला आणि अरबीत आपल्या ‘शर्करा’वरून. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘मग? गेला असणारच की आपल्याकडनं.’

तर सालोब्रेन्या. एका खडकावर पांढरं गाव, वर किल्ला. अर्ध्या चढावर आईचे गुडघे बोलले, ती एका घराच्या पायरीवर बसली ती बसलीच. मी चिडले. चल ना आई, वरून व्ह्यू आहे! (हो, मीही तसलीच आहे, कबूल.) शेवटी तिला तिथेच सोडून एकटी वर गेले. व्ह्यू छान होता, आता नीट आठवतही नाही. खाली आले तर आईशेजारी त्या घरातली म्हातारी, मध्ये एक ताटली, दोन चमचे, आणि दोघी बिया थुंकत हसतायत. चिरिमोया. सीताफळाची सख्खी बहीण, फक्त साल गुळगुळीत आणि बिया कमी. आई चक्क कोल्हापुरी मराठीत बोलत होती, म्हातारी स्पॅनिशमध्ये. मला बघून आई म्हणाली, ‘एवढ्यात कशाला आलीस?’

मी घड्याळ पाहिलं होतं तेव्हा. साधारण पंचेचाळीस मिनिटंच झाली होती.

आता लगेच कमेंटमध्ये ‘बीच तर गोव्यातच चांगले’ म्हणणारे काका येतील. बरोबर आहे काका, तिथली वाळू करडी आहे, पायाला खडे टोचतात, नोव्हेंबरात पाणी गार. मार्बेयाही अगदीच टाकाऊ नाही, जुन्या गावातला संत्र्यांच्या झाडांचा चौक सुंदर आहे, तेवढं देते. पण तुमची बस तिथे थांबणार आहे का? नाही. यॉटपाशी थांबणार.

आणि अजून एक, हे लिहिताना जरा गिल्टी वाटतंय. २०२४ च्या जूनमध्ये मालागात हजारो लोक रस्त्यावर आले होते, टूरिस्टना द्यायच्या फ्लॅटमुळे आम्हाला भाड्यानं घरं मिळत नाहीत म्हणून. आम्ही दोघी मालागात तसल्याच एका फ्लॅटमध्ये राहिलो होतो. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की तोंड फिरवायची, मला तेव्हा वाटलं किती उद्धट. आता कळतंय. म्हणून कोणाला शहाणपण शिकवायचा मला फारसा हक्क नाही, तरी शिकवतेय.

आई आता लांबचा प्रवास करत नाही. पण दर सीझनला सीताफळ फोडलं की पहिला चमचा तोंडात घालून म्हणते, ‘तिच्याकडचं जास्त गोड होतं हां.’ ती म्हणजे कोण, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही.

मैत्रिणीला आत्ता सालोब्रेन्याचं लोकेशन पाठवलं, बस कुठून घ्यायची तेही लिहिलं. तिचा रिप्लाय आलाय: ‘भारी गं! तिथे शॉपिंगला काय आहे?’