प्रेतं उठल्यावर राहायला कुठं जावं?

प्रेतं उठून चालायला लागली की पहिला प्रश्न अन्नपाण्याचा नसतो, पत्त्याचा असतो. 'द वॉकिंग डेड' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या जॉर्जियात बिऱ्हाड करायचं, की तिची धाकटी बहीण 'फिअर द वॉकिंग डेड' हिच्या लॉस एंजेलिसमध्ये? थोरली २०१० ते २०२२ चालली. ११ सीझन, १७७ भाग. धाकटी २०१५ला आली आणि ८ सीझन, ११३ भाग उरकून २०२३ला निजधामास गेली. दोन्ही बघून मग ठरवू म्हणाल, तर तोवर तुम्हीच सोफ्यावरून उठून गुरगुरत चालायला लागाल. त्यापेक्षा सल्ला ऐका, फुकट आहे.

पहिली गोष्ट, जगबुडी सुरू होताना उगाच जागं राहू नका. थोरलीतले डेप्युटी शेरीफ रिक ग्राइम्स इस्पितळात कोमात होते. डोळे उघडले तोवर सरकार, सैन्य, शेजारीपाजारी, सगळ्यांचं आटोपलं होतं. साहेबांनी एक घोडा पैदा केला, त्यावर बसून अटलांटात शिरले, घोडा वॉकरांच्या, म्हणजे या चालत्या प्रेतांच्या, पोटात गेला आणि साहेब रणगाड्यात शिरून वाचले. घोड्याला कोमाची सवलत नव्हती.

साहेब झोपले होते तेव्हा नेमकं काय झालं, हे दाखवायला धाकटी जन्माला आली. बेत झकास होता. शाळेत समुपदेशन करणारी मॅडिसन, तिच्यासोबत राहणारा इंग्रजीचा शिक्षक ट्रॅव्हिस, अभ्यासू मुलगी अ‍ॅलिशिया आणि हेरॉइनच्या नादी लागलेला मुलगा निक. माणसाला माणूस खाताना पहिल्यांदा बघतो तो हा निक, आणि जे दिसलं ते खरं की नशेतलं, हे त्याचं त्यालाच कळत नाही. मग घरच्यांनी तरी कशाला विश्वास ठेवायचा? सगळ्या जगबुडीची इतकी चांगली सुरुवात थोरलीलाही सुचली नव्हती. तीन भाग शहर हळूहळू आजारी पडतं, सैन्य येऊन वस्तीला कुंपण घालतं, आणि चौथा भाग उघडतो तो थेट नऊ दिवसांनंतर! शहर बुडालं ते त्या नऊ दिवसांत. थोरलीत नायकाला झोप लागली होती, धाकटीत कॅमेऱ्याला.

आता तुम्ही कोण व्हायचं? थोरलीत जाणार असाल तर सज्जन होऊ नका, आणि भविष्याची स्वप्नं मोठ्यानं तर मुळीच बोलू नका. मूळ कॉमिकमध्ये नसणं हे सगळ्यांत सुरक्षित. डॅरिल डिक्सन हे पात्र कॉमिकात नाहीच, त्यामुळे त्याला कितव्या अंकात मारायचं हे ठरलेलं नव्हतं. पठ्ठ्या शेवटपर्यंत टिकला आणि वर स्वतःच्या नावाची मालिका घेऊन फ्रान्सला गेला.

धाकटीत मात्र एकच पथ्य पाळा: घरचे होऊ नका, पाहुणे व्हा. घरच्यांचं काय होतं ते बघा. तिसऱ्या सीझनमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरचं रँच होतं, ही जमीन आमचीच म्हणणारे मूळनिवासी शेजारी होते, पाण्याच्या धरणावरून झुंज होती. वॉकर बाजूला ठेवून माणसांकडे बघणारी मालिका कशी असते, ते तेव्हा दिसलं. (ट्रॅव्हिस हेलिकॉप्टरमधून गेला तोही याच सीझनमध्ये, पण निदान त्याचं दुःख झालं.) असं बरं चाललं की कुणाला तरी बघवत नाही. २०१८ला चौथ्या सीझनला सूत्रधार बदलले आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, या न्यायानं थोरलीनं आपला मॉर्गन पाठवून दिला. मॉर्गन माणूस देव आहे, तक्रार नाही. पण तो आला त्याच सीझनमध्ये निक गोळी लागून मेला, मॅडिसन स्टेडियमच्या आगीत गेली, आणि घर कुणाचं होतं हे विचारायलाही फारसं कुणी उरलं नाही. पुढच्या सीझनमध्ये मंडळी 'आम्ही मदत करतो' अशा जाहिरातीच्या व्हिडिओ कॅसेट वाटत हिंडली. खाणारे दारात उभे आणि यांची जनसंपर्क मोहीम.

मरायची वेळ आलीच तर धाकटीत मरा, आणि मरताना आग निवडा, प्रेत मात्र दाखवू नका. न्हावीकाम करणारा डॅनियल साल्झार दुसऱ्या सीझनमध्ये आगीत गेला, तिसऱ्यात परत आला. मॅडिसनबाई २०२२ला परतल्या. आपल्याकडच्या मालिका बघणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपण तर चेहरा बदलून आलेलेही पचवले आहेत. थोरलीत ही सोय फसवी आहे. रिकसाहेबांच्या टोळीतला ग्लेन कचरापेटीखाली सरपटत जाऊन वाचला खरा, पण पुढच्याच सीझनच्या पहिल्या भागात नेगन नावाच्या खलनायकानं बॅटनं त्याचं डोकं फोडलं.

हवापाण्याचं म्हणाल तर थोरलीत जग बुडून वर्षं झाली तरी जागोजागी हिरवळ कापलेली असते. कोण कापतं ते विचारू नका, रिकसाहेबांच्या दाढीला मात्र त्याचा हात लागत नाही. धाकटीत लॉस एंजेलिस, मग बोटीतून मेक्सिको, मग टेक्सास अशी सहल घडते. आणि टेक्सासमध्ये वॉकर कमी पडले म्हणून सहाव्या सीझनच्या शेवटी अणुबॉम्ब पडतात. सातवा सीझन मुखवटे लावून काढायचा. तो बघताना आम्हीही लावायला हवा होता.

एवढं करून जगलात, वाचलात आणि लोकांना आवडलात, तर तुमची सुटका नाही, तुमचा स्पिनऑफ होतो, म्हणजे तुमच्यावर वेगळी मालिका निघते. ग्लेनची बायको मॅगी हिला २०२३ला मिळाला. त्यात ती मॅनहॅटनला जाते, आणि सोबतीला कोण, तर नेगन! तेव्हा आज ज्याच्या जिवावर उठला आहात त्याच्याशी दोन शब्द बरे बोलून ठेवा, उद्या पोस्टरवर त्याच्याच शेजारी उभं राहायचं आहे.