अँटिबायोटिकनंतरचे ‘पांढरे जाणे’ : दही-सोड्याच्या सल्ल्याला उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो आहे. त्याचा आशय असा : अँटिबायोटिक घेतल्यावर अंगावरून पांढरे जाऊ लागले तर ती अंगातली उष्णता समजावी, गोळ्या लगेच बंद कराव्यात, आतून दही लावावे, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि डॉक्टरकडे जाऊ नये. यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण संकोचामुळे अनेक जणी नेमक्या अशाच सल्ल्यावर विसंबतात.

अँटिबायोटिक आणि हा त्रास यांचा संबंध खरा आहे. उष्णतेचे कारण मात्र खरे नाही. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे उपयुक्त जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 3.8 ते 4.5 राखतात. घशासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी घेतलेले औषध याही जिवाणूंना मारते. बुरशीवर त्याचा परिणाम होत नसल्याने आधीपासून थोड्या प्रमाणात असलेली कँडिडा ही बुरशी मोकळ्या जागेत वाढते.

तरीही गोळ्या मध्येच सोडणे योग्य नाही. मूळचा संसर्ग अर्धवट राहून उलटू शकतो. त्रास सुरू झाल्याचे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. बुरशीवरचे उपचार बहुधा त्याच काळात घेता येतात.

दह्यातले जिवाणू आणि योनीतले जिवाणू एकच असतात, हा समज चुकीचा आहे. विरजणातले जिवाणू योनीत वस्ती करतीलच असे नाही, शिवाय घरच्या दह्यात इतर जंतू आणि यीस्टही असू शकतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर औषध म्हणून तयार केलेले लॅक्टोबॅसिलस पोटातून आणि योनीतून देऊनही अँटिबायोटिकनंतरचा हा त्रास टळला नाही. दही जेवणात अवश्य खावे, आत लावू नये. सोडा तर अल्कधर्मी आहे. जे आम्ल टिकवायचे तेच तो घालवतो. आतून धुण्याची मुळात गरजच नसते.

सर्वांत घातक भाग ‘डॉक्टरकडे जाऊ नये’ हा आहे. ‘पांढरे जाणे’ हे एका आजाराचे नाव नव्हे. कँडिडामध्ये तीव्र खाज, जळजळ आणि दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव असतो, पण वास फारसा येत नाही. पातळ, करडा-पांढरा आणि मासळीसारख्या वासाचा स्राव बॅक्टेरियल व्हजायनोसिसकडे (योनीतील जिवाणूंचे संतुलन बिघडण्याकडे) बोट दाखवतो. फेसाळ, पिवळट-हिरवा स्राव लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा असू शकतो आणि त्यात जोडीदारालाही उपचार घ्यावे लागतात. लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणूनच तपासणी लागते, आणि ती अगदी साधी असते : स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, तेव्हा पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू व कळ्या स्पष्ट दिसतात. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बुरशीच आहे असे गृहीत धरून दुकानातून औषध घेणाऱ्या 95 स्त्रिया तपासल्या, तेव्हा केवळ कँडिडाचा संसर्ग त्यांतील सुमारे एक तृतीयांश जणींनाच आढळला.

कँडिडाच असल्यास क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते. गरोदरपणात मात्र फ्लुकोनाझोल पोटातून घेऊ नये; सात दिवस क्लोट्रिमाझोल स्थानिक वापरतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आधी सांगावे. बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर या औषधांचा उपयोग नाही. तेथे मेट्रोनिडाझोल लागते. मेडिकलच्या दुकानात चार माणसांसमोर हळू आवाजात मागितलेले स्टिरॉइडमिश्रित मलम तर घेऊच नये, कारण खाज दबते आणि बुरशी मात्र वाढत राहते.

ताप, ओटीपोटात दुखणे, फोड किंवा रक्तमिश्रित स्राव असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वर्षात तीन वा अधिक वेळा हाच त्रास झाला, तर रक्तातील साखरही तपासून घ्यावी.